झाडपाल्याच्या औषधालाही मात्रा असते

जूनच्या मध्यावर विदर्भात आणि मराठवाड्यात कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. पाखरे गर खाऊन बिया टाकतात, पहिल्या पावसात त्या चिखलात तुडवल्या जातात, थोड्या रुजतात, बाकीच्या कुजतात. याच सुमारास तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रांत कीटकनाशकांचे खोके उतरत असतात. निंबोळी फुकटची आणि बाटली उधारीची. तरीही हंगामभर शेतकरी उधारीचीच वस्तू वापरतो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रत्यक्षात वनस्पतींपासून केलेल्या कीटकनाशकांबद्दल त्याच्यापर्यंत जे पोहोचते ते एक तर घडीपत्रिकेतल्या तीन ओळींइतके त्रोटक असते, नाही तर ‘एका फवाऱ्यात सगळी कीड साफ’ असे मोबाइलवरच्या चित्रफितीतले आश्वासन असते. दोन्ही त्याच्या उपयोगाचे नसते. दुसरे तर धोक्याचेही आहे.

हा प्रश्न शेतीच्या पानावरून आरोग्याच्या पानावर आला तो २०१७ साली. त्या वर्षी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवेत दमटपणा, अंगावर घामाने भिजलेला सदरा, तोंडाला फार तर एक रुमाल, आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र ढवळलेली. फवाऱ्याचे तुषार वरून चेहऱ्यावर येत होते. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. त्यानंतरच्या चर्चेत एक घोषणा मात्र जोरात पुढे आली : रासायनिक सोडा, नैसर्गिक वापरा.

घोषणेचा हेतू चांगला आहे. पण अपघात विभागात रात्री दोन वाजता घामाने चिंब, लाळ गळत असलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला माणूस आणला जातो, तेव्हा त्याच्या पोटात किंवा कातडीतून गेलेले द्रव्य कारखान्यात तयार झाले की झाडावर, याने काही ठरत नाही. ते द्रव्य कोणते, किती गेले, कोणत्या मार्गाने गेले आणि जाऊन किती वेळ झाला, यावर उपचार ठरतो. वैद्यकातील विषशास्त्र या चार प्रश्नांवर उभे आहे. निसर्गातली द्रव्ये त्यातून सुटलेली नाहीत. उलट माणसाला ठाऊक असलेली कित्येक जहाल विषे वनस्पतींचीच आहेत. झाडाला पळता येत नाही. पाने खाणाऱ्या किड्यांशी त्याला जागच्या जागी लढायचे असते आणि त्यासाठी ते रसायनेच तयार करते. त्यांतली काही माणसाला निरुपद्रवी असतात, काही नसतात. म्हणून ‘वनस्पतिजन्य’ या एका शब्दाखाली सगळे अर्क एकाच पिंपात ओतणे चूक आहे, आणि कडुनिंबाला त्या पिंपातून बाहेर काढून वेगळे पाहणे गरजेचे आहे.

कडुनिंबाचा गुण टोळांनी दाखवून दिला. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली असताना हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की आजूबाजूची हिरवळ फस्त झाली तरी कडुनिंबाची झाडे टोळांनी खाल्ली नाहीत. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाण्यातले द्रावण उभ्या पिकांवर फवारून पाहिले. टोळ पिकांवर उतरले, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. १९६८ मध्ये इंग्लंडमधील कील विद्यापीठात निंबोळीतून ‘ॲझाडिरॅक्टिन’ हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा निघाला, की त्याची रचना पक्की व्हायला १९८५ साल उजाडले आणि प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या बनवणे केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २००७ मध्ये जमले, तेही बावीस वर्षांच्या खटपटीनंतर. तेच काम बांधावरचे झाड दर उन्हाळ्यात करीत असते.

या द्रव्याची काम करण्याची तऱ्हा नीट समजून घेतली पाहिजे, कारण कडुनिंबाचे यश आणि अपयश दोन्ही त्यात आहेत. बहुतेक रासायनिक कीटकनाशके किड्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात. माणसाची मज्जासंस्था त्याच तत्त्वांवर चालते, म्हणून ती माणसालाही बाधतात. ॲझाडिरॅक्टिन मुख्यतः वेगळ्या ठिकाणी पोहोचते. अळी वाढताना वारंवार कात टाकते आणि त्यासाठी तिच्या शरीरात एक विशिष्ट संप्रेरक ठरावीक वेळी सुटावे लागते. ॲझाडिरॅक्टिन ही घडी विस्कटते. अळीला कात टाकता येत नाही, किंवा अर्धवट टाकून ती मरते. त्याआधी तिची भूक मंदावते, पान तिला नकोसे होते. अर्क फवारलेल्या पानावर अंडी घालायलाही मादी कचरते. माणूस कात टाकत नाही. त्यामुळे योग्य पातळ केलेला निंबोळी अर्क फवारणाऱ्याच्या दृष्टीने पुष्कळ सुरक्षित ठरतो. मधमाशी पान खात नाही, त्यामुळे तिलाही त्याचा उपद्रव तुलनेने कमी.

मात्र याच कारणाने निंबोळी अर्क सावकाश काम करतो. सकाळी फवारले आणि संध्याकाळी झाडाखाली मेलेल्या किडींचा खच दिसला, असे त्यात होत नाही. अळी दोन-चार दिवस जिवंत दिसते, फक्त खात नाही. ज्याने कर्ज काढून कपाशी लावली आहे त्याला हे चार दिवस फार लांब वाटतात. तिसऱ्या दिवशी तो दुकानात जातो आणि ‘जोराचे काहीतरी’ मागतो, दुकानदार देतो. मग अर्क कुचकामी असल्याची गावभर चर्चा होते. प्रतिजैविकाच्या गोळीने एका दिवसात ताप उतरला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलणाऱ्या रुग्णाची जी गत, तीच इथे. मोठ्या झालेल्या अळीवर अर्काचा जोर फारसा चालत नाही, बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत तो पोहोचतच नाही. त्याची वेळ आधीची आहे : तुडतुडे, मावा, पांढरी माशी नुकती दिसू लागली असताना, अंडी आणि लहान अळ्यांच्या अवस्थेत. हंगामाच्या सुरुवातीचे एक-दोन फवारे अर्काचे झाले, तर जहाल औषधाचा पहिला फवारा पुढे ढकलला जातो. मजुराच्या अंगावर पडणारा प्रत्येक टळलेला फवारा ही आरोग्याच्या हिशेबात ठोस जमा आहे.

करण्याची पद्धत कृषी विद्यापीठांनी अनेक वर्षे सांगितली आहे. पाच किलो वाळलेली निंबोळी कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, वेगळ्या एक लिटर पाण्यात विरघळवलेला दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा त्यात मिसळायचा आणि या दहा लिटरांचे शंभर लिटर करून फवारायचे. हा पाच टक्क्यांचा अर्क. तो त्याच दिवशी वापरायचा, आणि उन्हे कलल्यावर, कारण ॲझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. अर्काला नावे ठेवणाऱ्यांपैकी कितींनी तो भर दुपारी, आठवडाभर साठवून किंवा गेल्या वर्षीच्या काळ्या पडलेल्या बियांपासून केला होता, याची विचारपूस कधी होत नाही. ओलसर साठवलेल्या निंबोळीवर बुरशी येते आणि त्या बुरशीतून यकृताला घातक असे अफलाटॉक्सिन तयार होऊ शकते, ही आणखी एक बाब पत्रकांत क्वचितच सापडते.

आता पिंपातल्या इतर गोष्टींकडे. तंबाखूचा काढा हा जुना आणि अजूनही सुचवला जाणारा उपाय. तंबाखूतले निकोटिन किडीला मारते यात शंका नाही. ते माणसाच्या कातडीतूनही सहज आत जाते. ओल्या तंबाखूची पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर येणे हा जगभर नोंदलेला व्यवसायजन्य आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या धोक्याच्या वर्गवारीत निकोटिन आणि मोनोक्रोटोफॉस एकाच, ‘अतिशय घातक’ अशा वर्गात बसतात. निकोटिन सल्फेटच्या वापरावर भारतात बंदी आहे. तेच द्रव्य घरच्या पातेल्यात उकळले की नैसर्गिक शेती कशी काय होते? यातली वैद्यकीय अडचण अशी, की निकोटिनच्या विषबाधेतही सुरुवातीला लाळ, घाम, उलट्या, स्नायूंचे फडफडणे अशी ऑर्गॅनोफॉस्फेटसारखी लक्षणे दिसतात. ‘झाडपाल्याचे औषध मारले’ एवढेच नातेवाइकांनी सांगितले, तर डॉक्टर अंदाजाने उपचार सुरू करतो. ॲट्रोपिनने स्राव काहीसे आवरतात, पण ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत दिले जाणारे ‘पॅम’ निकोटिनवर उतारा नाही.

रोटेनोन हे दुसरे उदाहरण. डेरिससारख्या वनस्पतींच्या मुळांतले हे द्रव्य परदेशांत सेंद्रिय बागायतदारांचे कित्येक दशके लाडके होते. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांना ते सतत दिले तेव्हा त्यांच्या मेंदूत कंपवाताच्या रुग्णांत दिसतात तसे बदल घडले. पुढे युरोपात शेतीतला त्याचा वापर थांबला. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळणाऱ्या पायरेथ्रमची कहाणी याच्या उलट. ते माणसाला फारसे बाधत नाही, पण उन्हात लगेच नष्ट होते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याच रेणूत फेरफार करून उन्हात टिकणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे बनवली, जी आज कपाशीवर सर्रास मारली जातात. नैसर्गिक आणि रासायनिक यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी उंच नाही.

महाराष्ट्रात सर्वाधिक चालतो तो दशपर्णी अर्क. कडुनिंब, निर्गुडी, करंज, सीताफळ, एरंड, पपई, रुई, गुळवेल, घाणेरी, कण्हेर यांचा पाला, सोबत मिरची-लसणाचा ठेचा, शेण, गोमूत्र, आणि महिनाभर आंबवणे. अनेक शेतकरी त्यावर समाधानी आहेत आणि त्यांचा अनुभव मोडीत काढण्याचे कारण नाही. पण या यादीकडे नेत्रतज्ज्ञाच्या नजरेने पाहावे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन दिसणे अंधूक होते. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी केसांना लावून डोळ्यांना इजा झालेले रुग्ण आपल्याकडे येतच असतात; दशपर्णीत पाला घेतात, पण हाताशी आहेत म्हणून बियाही त्यात पडतात. मिरचीचे वेगळे सांगायला नको. कण्हेरातली द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. महिनाभर आंबून पिंपात शेवटी कशाचे किती उरते, हे पिंपागणिक बदलते. असा अर्क गाळताना आणि फवारताना हातमोजे आणि चष्मा रासायनिक औषधाइतकाच हवा; प्रत्यक्षात ‘आपले घरचेच आहे’ म्हणून नुसते हात कोपरापर्यंत पिंपात घातले जातात. शेण-गोमूत्राचे मिश्रण काढणीच्या तोंडावर कोथिंबीर-मेथीवर मारले, तर कच्ची कोथिंबीर खाणाऱ्याच्या पोटात आतड्याचे जंतू जातील, हा धोकाही आहेच. त्याला रसायनाची गरज नसते.

कडुनिंबसुद्धा सरसकट निर्धोक नाही. फवारणीचा पातळ अर्क वेगळा आणि पिळून काढलेले तेल वेगळे. सर्दी-पडशासाठी तान्ह्या मुलांना निंबोळीचे तेल पाजल्याने उलट्या, ग्लानी, झटके आणि यकृत-मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याचे मलेशियातल्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. शेतासाठी आणलेले तेल ‘कडुनिंबच तर आहे’ म्हणून घरात औषधाच्या फळीवर जाऊन बसते, तिथून ही वाट फार लांब नाही.

विकतच्या बाटल्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. कडुनिंबाची नोंदणीकृत कीटकनाशके बाजारात आहेत. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार त्यांच्या लेबलवर ॲझाडिरॅक्टिनचे प्रमाण छापावे लागते. ते ३०० पीपीएम असते, १५०० असते, १०,००० असते. म्हणजे एका बाटलीपेक्षा दुसरी तीसपटींहून अधिक तीव्र, आणि दुकानात दोन्ही ‘नीमचे तेल’ म्हणूनच मागितली जातात. झाकणाने माप घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी मग एक तर काहीच परिणाम पडत नाही, नाही तर पाने करपतात. त्याशिवाय ‘हर्बल’, ‘जैविक’ असे छापलेल्या, कुठलीही नोंदणी नसलेल्या बाटल्यांची वेगळी बाजारपेठ आहे. अशा काही उत्पादनांत तपासणीअंती रासायनिक कीटकनाशके मिसळलेली आढळली आहेत. किडी पटापट मरतात, शेतकरी खूश होतो, ‘नैसर्गिक’ असल्याच्या भरवशावर रुमालही न बांधता फवारतो. अधिकृत कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंग असलेली चौकट असते, सोबतच्या पत्रकात उतारा दिलेला असतो. या बाटल्यांवर तसे काहीच नसते. रुग्णासोबत बाटली आली तरी ती मुकी असते. रासायनिक विषापेक्षाही नाव नसलेले विष उपचाराला अवघड, एवढे साधे हे आहे.

एक गोष्ट मात्र कडुनिंबाच्या बाजूने ठामपणे सांगितली पाहिजे आणि ती शेतीच्या चर्चेत क्वचितच येते. ग्रामीण भागात आत्महत्येच्या प्रयत्नांत कीटकनाशकाचा वाटा मोठा आहे, आणि यांतले पुष्कळ प्रयत्न भांडणाच्या, निराशेच्या अशा एखाद्या क्षणी होतात, जो टळला तर माणूस पुन्हा तिकडे वळेलच असे नाही. त्या क्षणी घरात काय ठेवलेले आहे, यावर जगणे-मरणे ठरते. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिशय घातक कीटकनाशके एकामागून एक बंद केली. तिथले आत्महत्यांचे प्रमाण पुढच्या दोन दशकांत सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले आणि शेतीच्या उत्पादनाला त्याचा लक्षात येण्याजोगा फटका बसला नाही. आपल्याकडेही मोनोक्रोटोफॉसवर उशिरा का होईना निर्बंध आले. बंदीने रिकाम्या झालेल्या फळीवर काय ठेवायचे, याचे एक उत्तर निंबोळी अर्क आहे. घराच्या कोनाड्यात जहाल बाटलीऐवजी वाळलेल्या निंबोळीचे पोते असणे, हा मानसोपचारतज्ज्ञालाही हवासा वाटणारा बदल आहे.

तो आपोआप होणार नाही. कडुनिंबावरचा आपला अभिमान सोयीचा आहे. कडुनिंबाच्या तेलापासूनच्या बुरशीनाशकाला युरोपात १९९४ मध्ये दिले गेलेले पेटंट २००० मध्ये रद्द झाले, २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले, आणि आपण हळदीइतकाच तो विजय साजरा केला. झाडाखालची निंबोळी तेव्हाही कुजत होती, आजही कुजते. वेचण्याची मजुरी कोण देणार, हा प्रश्न कुणी सोडवला नाही. २०१५ मध्ये देशातल्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, तेव्हा गुजरातमध्ये जीएनएफसी या खत कंपनीने गावोगावच्या बचत गटांतल्या महिलांकडून निंबोळी विकत घेण्याची साखळी उभी केली. म्हणजे भाव मिळाला तर बी गोळा होते. महाराष्ट्रात बचत गट आहेत, कडुनिंब आहे, उन्हाळ्यात हाताला काम नसलेल्या बायका आहेत. गावातच वेचून, सावलीत वाळवून, तारीख लिहिलेल्या पिशवीत किलोच्या भावाने निंबोळी मिळाली, तर शेतकऱ्याला ती आदल्या रात्री भिजत घालायला वेळ लागणार नाही. कृषी सहायकाच्या फेरीत या पिशवीबरोबर चष्मा आणि हातमोजेही असावेत. आणि आशा कार्यकर्तीला एवढे शिकवलेले असावे, की फवारणीनंतर कुणाला घाम, उलट्या, अंधारी आली तर आधी कपडे उतरवून साबणाने अंग धुवायचे, लिंबू-सरबत किंवा दूध पाजत बसायचे नाही आणि दवाखान्यात निघताना बाटली सोबत घ्यायची. अर्क घरचा असेल, तर त्यात काय काय घातले होते ते सांगू शकणारा माणूस सोबत घ्यायचा.

नोंदणी नसलेल्या बाटल्यांवर कारवाईचे अधिकार कृषी खात्याच्या निरीक्षकांकडे आहेत. नमुने हंगाम संपल्यावर घेऊन उपयोग नाही. ते पेरणीच्या आधी दुकानात माल उतरतो तेव्हा घ्यायला हवेत. निंबोळीचेही तसेच. जिथे वेचणी ठरवायची आहे तिथे ती पहिल्या मोठ्या पावसाच्या आत उरकावी लागेल. भिजून काळी पडलेली बी मागाहून कितीही वाळवली, तरी तिच्या अर्काचा भरवसा नाही.